मूठ जुनी, पातं कुठलं?

नागपूरच्या रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून राज्याकडे परत आली, तेव्हापासून या सदराच्या टपालात तांब्या-पितळेची भांडी मागे पडली आणि तलवारी पुढे आल्या. कोणाला घ्यायची आहे, कोणाला घरातली विकायची आहे, कोणाला माळ्यावर सापडलेलं पातं 'कोणाचं असेल' एवढंच जाणून घ्यायचं आहे. या अंकात चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण तिथे पैसे अजून द्यायचे आहेत.

ताई, मी कराडचा. ओळखीच्या एकाने एक तलवार दाखवली. शिवकालीन आहे आणि एका सरदार घराण्यातून आली आहे, असं विकणाऱ्याचं म्हणणं. पात्यावर सोन्याच्या अक्षरांत 'श्री भवानी' आणि खाली '१६७४' असं आहे. गंज बराच आहे. सोबत रंगीत सर्टिफिकेट देतात. सव्वातीन लाख सांगितले, अडीचपर्यंत उतरतील. परवा दुसरं गिऱ्हाईक येणार आहे म्हणतात. कार्बन डेटिंग करून घेता येईल का? पाच फोटो पाठवतोय.

पैसे देऊ नका. निदान परवाच्या आत तरी नाहीच. विकाऊ जुन्या तलवारीबरोबर मूठ, पातं, म्यान आणि परवा येणारं गिऱ्हाईक, एवढं सामान येतंच.

आधी तुमचं '१६७४' बघू. राज्याभिषेक १६७४ साली झाला हे आपण शाळेत शिकलो. पण त्या साली रायगडावरच्या माणसाला हा आकडा सांगितला असता तर त्याला काही बोध झाला नसता. त्याच्या लेखी ते शके १५९६ होतं, आनंद संवत्सर. दरबारी कागदांत शुहूर किंवा फसली सन यायचा. इसवी सन मोजत ते गोव्यातले पोर्तुगीज आणि वखारीतले इंग्रज. मराठी अक्षरांत देवीचं नाव आणि त्याखाली साहेबाचं साल, असं कोरणारा कारागीर सतराव्या शतकातला असू शकत नाही. तो आपलंच पाठ्यपुस्तक वाचलेला आहे.

तिसरा फोटो मी मोठा करून पाहिला. अक्षरांच्या सगळ्या रेघा एका रुंदीच्या, एका खोलीच्या, टोकांना गोल आहेत. फिरत्या यंत्राच्या सुईने अशी रेघ येते. हाताने छिन्नी चालवली की रेघ बारीक सुरू होते, मध्ये खोल जाते, आणि वळणावर छिन्नी उचलून पुन्हा टेकवल्याची खूण राहते. 'भ'च्या गाठीत ते हमखास दिसतं. तुमच्या 'भ'ला गाठ आहे ती छापखान्यातल्यासारखी.

त्याहून बोलका आहे तो गंज. पात्यावर बारीक खड्डे आहेत आणि ते अक्षरांच्या काठापर्यंत येऊन थांबतात. अक्षरांच्या खोबणीत मात्र लोखंड गुळगुळीत. अक्षरं आधी आणि गंज नंतर असता, तर खोबणीत तो सगळ्यांत जास्त साठला असता, कारण ओल तिथेच टिकते. म्हणजे आधी गंज चढला, मग कोणीतरी वरून कोरलं.

सोन्याचंही तसंच. लोखंडावर सोनं बसवायची आपल्याकडची रीत कोफ्तगिरीची. पृष्ठभागावर धारदार हत्याराने उभ्या-आडव्या-तिरक्या अतिबारीक रेघा पाडायच्या, त्यांवर सोन्याची तार ठोकायची आणि घोटायची. जुन्या कामात सोनं झिजून गेलेल्या जागी भिंगातून पाहिलं की मांजरपाटासारखी ती जाळी दिसते. खालचं लोखंड गंजून फुगतं आणि सोन्याला वर उचलतं, त्यामुळे काही ठिकाणी तार सुटलेलीही असते. तुमच्या पात्यावर सोनं गेलंय तिथे खाली नुसतं तपकिरी लोखंड आहे, आणि 'श्री'च्या वेलांटीत रंग जमून थेंब झालाय. तो सोनेरी रंग आहे. (उलट जाळी दिसली म्हणजे काम जुनंच, असंही नाही. उदयपुरात आजही उत्तम कोफ्तगिरी होते. ते कारागीर ती नवी म्हणूनच विकतात. जुनी ती मधल्या माणसाच्या हातात होते.)

आता नीट ऐका. एवढ्यावरून लेख नवा आहे, इतकंच ठरलं. तलवार नवी आहे असं मी अजून म्हटलेलं नाही. साध्या, खऱ्या, शंभर-दीडशे वर्षांच्या तलवारीवर नाव आणि साल कोरून तिची किंमत दहापट करायची, हा धंदा जोरात आहे, आणि त्यात एक बरी वस्तू कायमची बिघडते. म्हणून लेख बाजूला ठेवून पातं आणि मूठ वेगवेगळी तपासायची. ती दोन एकाच वेळी, एकाच गावात झाली असतील असं धरून चालायचंच नाही.

पात्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातून साधा व्हर्नियर कॅलिपर घ्या आणि पाठीची जाडी मोजा: मुठीजवळ, मध्यावर, आणि टोकापासून चार बोटांवर. ऐरणीवर घडवलेलं पातं टोकाकडे पातळ होत जातं. मुठीजवळ सहा-सात मिलिमीटर असेल तर टोकाकडे दोन-तीन. तलवार हातात फिरते ती या उतारामुळे. बाजारी नक्कल तयार पट्टीतून कापून कडेला धार काढलेली असते. ती मुठीजवळ चार तर टोकाशीही चारच. हे माप फोटोत दिसत नाही आणि गोष्टीने बदलत नाही. मला विचाराल तर दहा हजाराच्या वरच्या तलवारीला हात लावण्याआधी हे एक मोजमाप करावंच. त्यानंतर पन्हळ बघा, म्हणजे पात्यावरची उभी खाच. तिची कड बोटाने चाचपा. हाताने काढलेली कड किंचित डगमगते, यंत्राची सरळसोट जाते.

गंजाचा रंग दिवसाउजेडी बघा. कापसाच्या बोळ्यावर शिलाई मशीनचं तेल घेऊन एका कोपऱ्यात हलकेच टेका. बोळा नारिंगी झाला तर गंज काही महिन्यांचा. ॲसिड मारून किंवा मिठाच्या ओल्या मातीत पुरून असा गंज आणतात, आणि तो पात्यावर सगळीकडे सारखा चढतो. जुना गंज काळपट, घट्ट आणि पक्षपाती असतो. म्यानाच्या तोंडाशी एक, पाठीवर दुसरा, हात लागत होता तिथे जवळजवळ नाहीच. मात्र पातं लख्ख आहे म्हणून ते खोटं, असं समजू नका. कित्येक घरांत खंडेनवमीला विटकरीची पूड लावून पिढ्यान् पिढ्या तलवार घासली आहे. अशा पात्यावरची अक्षरंसुद्धा झिजून गेलेली असतात.

मुठीत मुख्य गोष्ट एकच, ती घडीव आहे की ओतीव. तुमच्या चौथ्या फोटोत परजेच्या, म्हणजे हात राखणाऱ्या आडोशाच्या, आतल्या बाजूला, जिथे कानस पोचत नाही तिथे, टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रं आहेत आणि कडेने एक उंच रेघ गेली आहे. साच्यात ओतलेल्या धातूची ही लक्षणं. जुन्या लोखंडी मुठीचे दोन भाग घडवून जोडलेले असतात आणि सांध्यात कधी पितळेचा डाख, म्हणजे जोड भरणारा धातू, दिसतो. हे जोडकाम तुमच्या मुठीत कुठेच नाही. मूठ आणि पात्याच्या सांध्यातही बघा. पूर्वी पात्याची शेपटी मुठीत लाखेने बसवत, आणि जुनी लाख काळी-तपकिरी, ठिसूळ, भेगाळलेली असते. करड्या रंगाचं एम-सील दिसलं तर चहा पिऊन निघावं. पण लाख ताजी दिसली तर घाबरू नका. मूठ शेकली की लाख सुटते, म्हणून पातं बदलणं सोपं होतं, आणि लोक ते सर्रास करायचे. पेशवाईतलं पातं, एकोणिसाव्या शतकातली मूठ आणि आजोबांच्या वेळची लाख अशी तलवार अस्सल असू शकते. विकणाऱ्याने मात्र ती तशीच सांगितली पाहिजे.

चुंबक लावणं, पातं वाकवून सोडणं, नखाने टणत्कार काढणं हे प्रयोग ऐकणाऱ्यांच्या करमणुकीचे. तलवारींसाठी वापरतात ते स्टेनलेस स्टीलही बहुधा चुंबकाला चिकटतं.

कार्बन डेटिंगचा विचार सोडा. त्यासाठी नमुना कापावा लागतो, आणि लोखंडातला कार्बन आला भट्टीतल्या कोळशातून, म्हणजे वय निघालंच तर जळलेल्या लाकडाचं. त्यापेक्षा एक्सआरएफ यंत्र बरं. पृष्ठभागाला धक्का न लावता ते धातू ओळखतं. क्रोमियम भरपूर निघालं तर स्टेनलेस, म्हणजे विसावं शतक किंवा नंतरचं. मँगनीज पाऊण टक्क्याच्या आसपास निघालं तर कारखान्यातलं पोलाद. जुन्या भट्टीच्या लोखंडात ते नगण्य असतं. सोनं की सोनेरी रंग, हेही कळतं. पण तुमच्या बाबतीत यंत्र भाड्याने आणायला मी सांगणार नाही. अक्षरं आणि परज यांनी काम केलं आहे.

राहिलं सर्टिफिकेट. विकणाऱ्यानेच छापलेला कागद ही जाहिरात झाली. सरदार घराण्यातून आली म्हणतात, तर त्या घराण्याच्या भिंतीवर किंवा कोणाच्या कमरेला ही तलवार दिसते असा जुना फोटो मागा. वाटणीपत्रात उल्लेख आहे का विचारा. आणि तो मिळाला तरी किती सांभाळून बोलावं लागतं ते सांगते. २०२४च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनाला आली. ती ग्रँट डफकडे, म्हणजे साताऱ्याच्या इंग्रज रेसिडेंटकडे होती. सोबतच्या पेटीवर तसा लेख आहे. एवढी साखळी असूनही अफझलखानाच्या वेळची वाघनखं हीच, हे सिद्ध करता येत नाही असं ते म्युझियम स्वतःच सांगतं. आणि कराडातल्या विकणाऱ्याला मात्र कसलीच शंका नाही.

शेवटचं: पुराणवस्तूंचा, म्हणजे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा, धंदा करायला परवाना लागतो, १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे. तो दाखवा म्हणा. वस्तू खरंच शिवकालीन असेल तर परवाना हवा, आणि परवान्याची गरज नाही म्हणत असतील तर ती शंभर वर्षांची नाही, हे त्यांनीच कबूल केलं.

नागपूरहून लिहितो. आमच्या ओळखीच्या कुटुंबाकडची तलवार घ्यायचा विचार आहे. मूठ आपल्याकडची, टोपलीसारखी, आत गादी. पण पातं सरळ असून त्यावर रोमन अक्षरं आणि कुत्र्यासारखा एक प्राणी कोरला आहे. एकाने सांगितलं, 'इंग्रजी माल आहे, डुप्लिकेट.' खरं का?

त्या एकाला नागपूरच्या भोसल्यांचीच तलवार दाखवा. जिच्यामुळे हे सगळं टपाल सुरू झालं ती, राज्य सरकारने सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवलेली तलवार, पात्याने युरोपी आहे. तिच्या पाठीवर देवनागरीत रघूजींचं नाव, 'सेनासाहेब सुभा' हा छत्रपती शाहूंनी दिलेला किताब आणि पुढे चक्क 'फिरंग' असं कोरलंय. मालकाला आपलं पातं परदेशी असल्याची लाज नव्हती, उलट ते मिरवण्यासारखं होतं.

सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या आणि मग इतरांच्या जहाजांतून ही पाती पश्चिम किनाऱ्यावर उतरत होती, बरीचशी जर्मनीतल्या झोलिंगनची. इथे त्यांना आपल्या मुठी बसल्या. तुमचा कुत्रा बहुधा लांडगा आहे. पळता लांडगा ही आधी पासाऊ या गावाची आणि मग झोलिंगनच्या लोहारांची खूण. चार-पाच ओबडधोबड रेघांत तो काढलेला असतो आणि सहसा लांडग्यासारखा दिसत नाही. सुबक, केसाळ लांडगा दिसला तर मला उलट संशय येईल.

पण हुरळून जाऊ नका. परदेशी पात्याला भाव होता म्हणून आपल्या लोहारांनीही त्याच काळात त्या खुणा आणि अक्षरं उमटवली. वाचता येत नव्हती म्हणून काही अक्षरं उलटी, काही शब्दांना अर्थच नाही. तेव्हा चुकीचं स्पेलिंग म्हणजे आजची नक्कल, असं लगेच म्हणता येत नाही. तो अडीचशे वर्षांपूर्वीचा डुप्लिकेट असेल, आणि आज तोही जपून ठेवण्यासारखा आहे. शिवाय एकोणिसाव्या शतकात कंपनीच्या घोडदळाच्या तलवारींची, विशेषतः १७९६च्या नमुन्याची, बाकदार पाती देशी मुठींत गेली. ती खरी जुनी, फक्त मराठेशाहीच्या भराच्या काळातली नव्हेत. तुमचं पातं सरळ असल्यामुळे तो प्रश्न मिटला.

तुम्ही बघायचं ते मुठीजवळ. पात्याला आधार म्हणून दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या रिबिटांनी ठोकलेल्या असतात. त्यांच्या कडेखाली गंज कसा शिरलाय ते भिंगाने बघा. पट्टीच्या कडेशी पातं स्वच्छ आणि जरा पुढे गंजलेलं असेल, तर पट्टी नंतर बसवली. मुठीतली गादी फाडून आत डोकावू नका; जुनं कापड हाही पुरावाच असतो. आणि जाडीचं माप घ्या, कराडकरांना सांगितलं तसं. मला फोटोवरून ही तलवार आवडली आहे. घरातली माणसं ओळखीची आहेत, कोणी सरदाराचं नाव घेत नाही, आकडा कोरलेला नाही. मी असते तर बोलणी पुढे नेली असती.

ठाण्याहून. सासऱ्यांची तलवार आहे, त्यांच्या आजोबांपासूनची. मुलगा टोरांटोला असतो, त्याला दिवाणखान्यात लावायला हवी आहे. नेण्याआधी चिंच आणि रांगोळीने घासून घेऊ का?

दोन्ही करू नका.

शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. १९७२चा पुरावशेष कायदा आहे, १९७६पासून अमलात आहे. निर्यात फक्त केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था करू शकते. पकडलं गेलं तर किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद आणि वर दंड. घरची आहे, विकायची नाही, ही सबब विमानतळावर चालत नाही. वस्तू शंभर वर्षांच्या आतली असेल असं वाटत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या समितीपुढे ती ठेवून 'पुरावशेष नाही' असा दाखला मिळवता येतो. सासऱ्यांच्या आजोबांची म्हणताय, तेव्हा आशा कमी. इथे घरात ठेवतानाही शस्त्र कायदा १९५९ लक्षात घ्या. तलवारी त्याच्या नियमांत येतात, आणि तुमच्या भागात काय लागू आहे ते पोलीस ठाण्यात लेखी विचारून घ्या. सुनेने विचारलं तर जरा बिचकतात, पण सांगतात.

चिंच आणि रांगोळीने घासलं की लोखंडाचा वरचा थर जातो. त्यात जौहर असेल, म्हणजे जुन्या पोलादावरची पाण्यासारखी बारीक नक्षी, तर ती गेली. तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांतून हे पोलाद एके काळी इराणपर्यंत जायचं, आणि तशी पाती अजून जुन्या घरांत निघतात. बाजारात 'दमास्कस' म्हणून काळ्या-पांढऱ्या ठळक पट्ट्यांची पाती मिळतात, ती वेगळी, आजची. मऊ सुती फडक्यावर मशीनचं हलकं तेल, इतकंच. खोबरेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. खंडेनवमीला हळदकुंकू मुठीला लावा, पात्याला नको, आणि संध्याकाळी पुसून घ्या. म्यान वेगळं ठेवा, त्यातली ओल पातं खाते. टोरांटोला फोटो मोठा करून पाठवा.

बेळगावहून. एकाकडची तलवार साडेतीन किलो भरते. एवढं वजन पेलणारा योद्धा कोण असेल?

नाटकातला असेल, किंवा लग्नाच्या मांडवातला. हातात धरून लढायची तलवार साधारण पाऊण ते सव्वा किलोची. मुठीला मोठे हिरे-माणकांसारखे खडे आहेत का, तेही बघा. 'पूर्वीची माणसं धिप्पाड होती' असं ती दाखवणारा म्हणाला असेल, तर त्याला संग्रहालयातल्या मुठींत हात घालायला सांगा. आपल्यापैकी निम्म्यांची चार बोटं आत मावत नाहीत.

यापुढे फोटो पाठवणाऱ्यांना विनंती: तलवार देवघरात, झेंडूच्या माळा घालून काढलेला फोटो सुंदर येतो, पण मला त्यात झेंडूच दिसतो. पांढऱ्या चादरीवर, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, बाजूला शाळेची पट्टी ठेवून काढा. पाठीचा एक, परजेच्या आतला एक, सांध्याचा एक. वजन आणि तीन ठिकाणची जाडी मागे लिहा. कोणाची होती ते शेवटी लिहिलंत तरी चालेल.